नळीतला पंखा आणि उचगावचे शिवार

शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन ‘मला रेडिओवर चालणारे जेट विमान हवे’ असे सांगू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी सामान्यतः दोनपैकी एक उत्तर देतात. काही घरांत ‘हे पैसेवाल्यांचे खेळ’ एवढ्या शब्दांत विषय मिटतो. काही घरांत वाढदिवसाचे निमित्त साधून चकचकीत खोके येते, पहिल्याच रविवारी ते विमान जवळच्या मोकळ्या जागेत नेले जाते आणि अर्ध्या मिनिटात त्याचे तुकडे पिशवीत भरून परत आणावे लागतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे सारखीच अविचाराची आहेत. पहिल्याने मुलाचे कुतूहल विझते. दुसऱ्याने पैसा जातो, आणि कधी कधी त्याहून मोलाचे काही जाण्याचीही भीती असते.

हा प्रश्न बेळगाव-निपाणी भागातील घरांतूनही आता विचारला जातो. म्हणून या लेखात आम्ही एक ठिकाण नजरेसमोर ठेवले आहे. बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, सुळगा मागे टाकले की उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीच्या आमराईमुळे आणि मराठी साहित्य संमेलनामुळे हे गाव आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या गावच्या शिवारात विजेच्या पंख्यावर चालणारे जेट उडवायचे ठरवले तर काय काय जाणावे लागेल, कशाचा हिशेब करावा लागेल आणि कोणाची परवानगी घ्यावी लागेल, ते येथे क्रमाने पाहू. इतर गावांच्या वाचकांनी आपल्या गावाची उंची, हवा आणि शेते त्यात घालून हाच हिशेब करावा.

ज्वालेविना जेट

खऱ्या जेट इंजिनात हवा पुढून आत ओढली जाते, दाबली जाते, तीत इंधन जळते आणि तापून फुगलेला वायू मागच्या तोंडातून वेगाने बाहेर पडतो. मागे फेकल्या गेलेल्या या वायूची प्रतिक्रिया म्हणून विमान पुढे रेटले जाते. आपण ज्या प्रतिकृतीविषयी बोलत आहोत तिच्यात ज्वाला नसते. विमानाच्या पोटात एक नळी असते, नळीत मुठीएवढा अनेक पात्यांचा पंखा असतो आणि पंख्याच्या मध्यभागी विजेची मोटर असते. पंखा पुढून हवा ओढतो आणि नळीच्या मागच्या तोंडातून बाहेर फेकतो. हौशी मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘ई.डी.एफ.’ म्हणतात, आपण सोयीसाठी ‘नळीपंखा’ म्हणू.

मग हे जेटचे निव्वळ सोंग म्हणावे काय? तसेही नाही. आजच्या मोठ्या प्रवासी जेट विमानाच्या इंजिनात समोर जो विशाल पंखा दिसतो, त्याने ढकललेल्या थंड हवेतूनच रेट्याचा मोठा वाटा मिळतो. जळलेल्या वायूचे मुख्य काम तो पंखा फिरवण्याचे असते. आपल्या प्रतिकृतीत ते काम मोटर करते, इतकाच फरक.

१९७० आणि १९८० च्या दशकांत परदेशांतील हौशी लोक नळीतला पंखा फिरवण्यासाठी लहान तेलाचे इंजिन वापरीत. ते तापे, कर्कश आवाज करी आणि त्याची सुई जुळवण्यातच सकाळ संपून जाई. ब्रश नसलेली मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी या दोन गोष्टी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आल्या आणि चित्र पालटले. आज हलक्या फोमचे, मीटरभर पंखांचे, दीड किलोच्या आसपास वजनाचे जेट सामान्य घरातील माणूसही जुळवू शकतो. परंतु जुळवणे सोपे झाले म्हणून उडवणे सोपे झाले असे कोणी समजू नये.

चार मिनिटांचा हिशेब

नळीपंख्याची पहिली ओळख त्याच्या भुकेपासून करून घ्यावी. ७० मिलिमीटर व्यासाचा पंखा या छंदात फार रूढ आहे. मधला गाभा वजा केला तर त्यातून हवा जाण्यास सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर जागा उरते. दोन आगपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या याहून अधिक जागा व्यापतील. एवढ्याशा तोंडातून दोन किलो वजन पेलण्याइतका रेटा मिळवायचा तर हवा सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने मागे फेकावी लागते. दहा इंची उघडा पंखा तेवढाच रेटा सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाच्या हवेतून देतो. थोडी हवा अतिवेगाने फेकणे हे पुष्कळ हवा सावकाश फेकण्यापेक्षा नेहमीच खर्चिक असते. त्यामुळे तेवढ्याच रेट्यासाठी नळीपंख्याला ढोबळ मानाने तिप्पट शक्ती लागते.

पूर्ण जोरात असताना अशी मोटर २२ व्होल्टच्या बॅटरीतून ६० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. हे १३०० वॅट झाले. घरातील कपड्यांची इस्त्रीही बहुधा इतकी वीज खात नाही. बॅटरी चार अँपिअर-तासांची असेल तर पूर्ण जोरावर ती चार मिनिटांत रिकामी होईल. ती पूर्ण रिकामी करणे तिच्या प्रकृतीला घातक, म्हणून एक पंचमांश शिल्लक ठेवावी लागते. हात आवरून, जोर कमी-जास्त करीत उडवले तरी साडेतीन-चार मिनिटांचेच उड्डाण पदरात पडते. नवख्याने या चार मिनिटांची घंटा रेडिओच्या पेटीवर आधीच लावून ठेवावी. घंटा वाजली की उतरायचे. ‘आणखी एक फेरी’ हा मोह येथे फार महागात पडतो.

उचगावची हवा

पंख्याच्या खोक्यावर रेट्याचा जो आकडा छापलेला असतो तो पाहून विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो आकडा साधारणतः समुद्रसपाटीच्या जवळच्या, दाट हवेतला असतो. बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि येथील हवा तितक्या प्रमाणात विरळ आहे. पंख्याच्या फेऱ्या त्याच राहिल्या तर रेटा हवेच्या घनतेच्या प्रमाणात घटतो.

समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमानाची हवा प्रमाण धरली, तर जानेवारीत सकाळी तेवढ्याच थंडीत उचगावची हवा तिच्यापेक्षा ८ ते ९ टक्के विरळ भरते. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की ही तूट १४-१५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे छापील दोन किलोंचा रेटा त्या दुपारी एक किलो सातशे ग्रॅमच उरतो. पंखांनाही तीच विरळ हवा मिळत असल्याने विमानाला हवेत टिकून राहण्यास किमान जो वेग लागतो तोही सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. एकीकडे रेटा कमी आणि दुसरीकडे गरज अधिक, असा हा दुहेरी तोटा आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की कागदावर रेटा वजनाइतकाच असलेले विमान येथे घेऊ नये. तो वजनाच्या सव्वापट तरी असावा, म्हणजे तूट वजा होऊनही हाती काही शिल्लक राहते. दुसरा असा की वेळ निवडावी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी, धुके विरल्यावर आणि वारा उठण्यापूर्वीचे दोन तास हे या भागातले सोन्यासारखे तास होत. एप्रिल-मेच्या दुपारी ऊन, वारा आणि वळिवाचे ढग एकदमच दगा देतात. पावसाळ्याचे चार महिने तर विमान घरात ठेवून दुरुस्ती आणि अभ्यास करावा हेच बरे.

पहिले जेट कोणते?

या प्रश्नाचे आमचे उत्तर पुष्कळांना आवडणार नाही: पहिले विमान जेट नसावे. प्रथम हाताने फेकायचे थर्माकोलचे ग्लायडर, मग संगणकावरील सरावाचे उड्डाण, नंतर उंच पंखांचे व उघड्या पंख्याचे संथ विमान, आणि ते निर्धास्तपणे उतरवता येऊ लागले की मग जेट. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बनवणे व उडवणे हा शिक्षणाचाच भाग आहे. ज्या मुलांना तेथे प्रवेश मिळेल त्यांनी ती संधी दवडू नये.

जेटची पाळी आली की मुलांची नजर मिग किंवा मिराजसारख्या त्रिकोणी पंखांच्या विमानांकडे वळते. दिसायला ती देखणी खरी; परंतु वेग कमी झाला की अशा पंखांचे विमान नाक वर करून खाली बसू लागते आणि नवख्याच्या हे ध्यानात येईपर्यंत जमीन आलेली असते. सरळ, थोड्या जाड पंखांचे शिकाऊ जेट अधिक सोशिक असते. येथे एका विमानाचे आणि एका माणसाचे नाव घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

भारतात आखलेले व घडवलेले पहिले शिकाऊ जेट म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील ‘किरण’. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते प्रथम उडाले. हवाई दलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या, आणि १९९६ साली बीदर येथे स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ या कसरतपथकाने २०११ पर्यंत याच जातीची विमाने वापरली. सरळ पंख, शेजारी शेजारी दोन आसने, अंगाला चिकटलेली हवेची तोंडे, असे त्याचे रूप आहे. किरणची आखणी ज्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली ते डॉ. विष्णु माधव घाटगे मूळचे आपल्याच टापूतले. बेळगावाहून निपाणीकडे जाताना संकेश्वर लागते; तेथून पश्चिमेला वळले की गडहिंग्लज तालुका येतो. त्या तालुक्यातील हसूरचंपू हे त्यांचे जन्मगाव, जन्म १९०८ चा. जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात वायुगतिशास्त्राचे महान आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच विद्यापीठातून १९३५ साली डॉक्टरेट घेतलेल्या हान्स फॉन ओहाइन या तरुणाच्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी जगातले पहिले जेट विमान उडाले. म्हणजे जेटची कल्पना जेथे अंकुरत होती, त्याच गावात कोल्हापूरकडचा हा विद्यार्थी हवेचे गणित शिकत होता.

घाटगे १९४० मध्ये बंगळूरच्या कारखान्यात रुजू झाले. त्यांनी आखलेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. भारतीयांनी स्वतः आखलेल्या व बांधलेल्या पहिल्या विमानाचा मान त्याला दिला जातो. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९१ साली ते निवर्तले. महाराष्ट्राबाहेर राहून, मराठी घरात वाढून, सबंध देशाच्या उपयोगी पडलेल्या या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावे याची खंत वाटते. पहिल्या जेटच्या पोटावर हे नाव रंगवले तर ती सजावट अप्रस्तुत ठरणार नाही.

उड्डाण जमिनीवरच ठरते

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. नळीपंखा मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास फेऱ्या घेतो. या वेगाला पात्याच्या टोकाजवळ केवळ एक दशांश ग्रॅम अधिक वजन राहिले, तर पंखा प्रत्येक फेरीत पाच किलोंहून अधिक जोराने एका बाजूला ओढला जातो. एक दशांश ग्रॅम म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. एवढ्या चुकीने मोटरची बेअरिंगे झिजतात, विमानाचा सांगाडा थरथरतो आणि शेवटी पाते तुटून नळी फोडून बाहेर येते. म्हणून पंखा तोलून घेणे हे पहिले काम. त्यासाठी पंखा चुंबकांवर तोललेल्या दांडीत अडकवतात. जी बाजू जड ती खाली येते, आणि हलक्या बाजूला चिकटपट्टीचा कण लावून तोल साधतात. ज्या बेळगावात उद्यमबागेच्या फौंड्र्या आणि यंत्रशाळा आहेत, आणि ज्या जिल्ह्यात हत्तरगीला परदेशी विमानांचे सुटे भाग घडवले जातात, तेथे फिरत्या भागाचा तोल म्हणजे काय हे सांगणारा जाणता माणूस शोधायला दूर जावे लागणार नाही. मुलाला अशा माणसाकडे एकदा घेऊन जावे. पंख्यापेक्षा त्या भेटीचा उपयोग अधिक होईल.

दुसरे काम हवेच्या वाटेचे. नळीच्या पुढच्या तोंडाची कड धारदार असेल तर हवा तेथे फाटते व पंख्याला उपाशी ठेवते. कड कपाच्या काठासारखी गोलसर हवी. आत वायर लोंबत असेल, सांधा उचकटलेला असेल, तर तो रेटा चोरतो. मागचे तोंड पंख्याच्या मोकळ्या जागेच्या ८५ ते ९० टक्के ठेवण्याची पद्धत आहे. ते फार अरुंद केले तर उभ्या विमानाचा रेटा घटतो, आणि फार रुंद ठेवले तर वेगात हवा अंगी लागत नाही.

तिसरे काम गुरुत्वमध्याचे. पंखांखाली दोन बोटे धरून विमान उचलावे. आराखड्यात दाखवलेल्या खुणेवर ते समपातळीत राहिले पाहिजे. नाक किंचित जड असलेले विमान आळशीपणे का होईना, पण उडते. शेपूट जड असलेले विमान कोणाच्याच हाताला जुमानत नाही. १६०० ग्रॅमच्या विमानात बॅटरीच ६०० ग्रॅम असते. ती एक सेंटिमीटर मागे सरकली तर गुरुत्वमध्य सुमारे चार मिलिमीटर मागे जातो. म्हणून बॅटरीची जागा एकदा ठरली की तेथे रंगाने खूण करावी आणि पट्ट्याने ती घट्ट बांधावी.

चौथे काम झडपांचे. पेटीवरची दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर व डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. दांडी स्वतःकडे ओढली की शेपटीची झडप वर उचलली पाहिजे. ही तपासणी दोघांनी मिळून करावी: एकाने मोठ्याने म्हणावे, दुसऱ्याने पाहून ‘बरोबर’ म्हणावे. उलट्या जोडलेल्या झडपांनी जितकी विमाने मोडली असतील तितकी वादळांनीही मोडली नसतील. त्यानंतर पेटीचा संदेश तुटला तर मोटर आपोआप बंद पडते की नाही हे पाहावे. त्यासाठी विमान घट्ट धरून, मोटर मंद चालू ठेवून, पेटी बंद करावी. पंखा तत्काळ थांबला नाही तर त्या दिवशी उड्डाण नाही, हा नियम कोणासाठीही मोडू नये. आणि बॅटरी जोडलेली असताना बोट, साडीचा पदर, ओढणी किंवा केस नळीच्या तोंडाजवळ जाता कामा नयेत.

हवेतली वागणूक

उघड्या पंख्याच्या विमानात पंख्याचा वारा शेपटीवरून वाहत असतो. त्यामुळे वेग कमी असतानाही झडपांना बळ मिळते. नळीपंख्याचा वारा मात्र पोटातून थेट मागे जातो. विमानाने पुरेसा वेग घेईपर्यंत झडपा जवळजवळ निर्जीव असतात, आणि जोर वाढवला तरी पंखा वेग घेण्यास क्षणभर लावतो. नवख्यांचे बहुतेक अपघात या दोन गोष्टींच्या अज्ञानातून होतात. ‘जोर दिला तरी वर येईना’ अशी तक्रार ऐकू आली की समजावे, जोर उशिरा दिला गेला.

उचगावसारख्या ठिकाणी गुळगुळीत धावपट्टी नसते. लहान चाकांचे जेट खडबडीत मातीवर धावू शकत नाही, आणि धावताना नळी खडे व काड्या आत ओढते. त्यामुळे चाके नसलेले, पोटावर उतरणारे विमान निवडून ते जाड रबरी दोरीने सोडणे किंवा जाणत्या सोबत्याने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून हाताने सोडणे, हे मार्ग बरे. सुटल्याबरोबर चढ घेऊ नये; दहा-बारा मीटर उंचीवर सरळ जाऊ देऊन आधी वेग साठवावा, मग हलकेच वर न्यावे. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. सेकंदाला ३० मीटर वेगाचे विमान आठ सेकंदांत अडीचशे मीटर दूर जाते, आणि एवढ्या अंतरावर मीटरभर पंखांचे विमान येते आहे की जाते आहे हेही कळेनासे होते. म्हणून वळण लवकर घ्यावे.

उतरताना मोटर पूर्ण बंद करून तरंगत आणण्याचा मोह टाळावा. थोडा जोर चालू ठेवून, वाऱ्याला सामोरे, लांबून आणि बेताच्या उतारावर आणावे. पहिला प्रयत्न बिघडला तर फिरून येण्याइतकी वीज शिल्लक हवी. मघाशी सांगितलेल्या घंटेचे महत्त्व येथे कळते.

शेत दुसऱ्याचे, आकाश सर्वांचे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. १६०० ग्रॅमचे विमान सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असेल तर त्याच्या अंगी जी ऊर्जा असते, ती पाच किलोंचा धोंडा सुमारे १५ मीटर उंचीवरून सोडल्यावर जमिनीशी येतो त्या ऊर्जेइतकी असते. विमान फोमचे असले तरी आतली बॅटरी आणि मोटर फोमची नसते. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला मागून येणारे हे विमान दिसत नाही, आणि आवाज ऐकू येईपर्यंत बाजूला होण्यास अवधी उरत नाही.

शहरातल्या माणसाला नोव्हेंबरात भात कापलेले शिवार मोकळे वाटते. ते मोकळे नसते. याच ओलीवर आपल्या भागात मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात, आणि कोवळ्या रोपांवरून पडलेले विमान शोधत धावणारी चार माणसे विमानापेक्षा अधिक नुकसान करतात. म्हणून पडीक माळ शोधावा, मालकाच्या घरी जाऊन आधी विचारावे, जनावरे कोणत्या वेळी चरायला येतात हे जाणून घ्यावे, आणि रस्ता, विजेच्या तारा व देवळाकडे जाणारी पाऊलवाट यांपासून दूर राहावे. देवीच्या यात्रेच्या किंवा वाराच्या दिवशी पेटी घरातच ठेवावी. एक जण उडवीत असताना दुसऱ्या मोठ्या माणसाने केवळ माणसांवर व जनावरांवर लक्ष ठेवायचे, ही वाटणी नेहमी असावी.

कायद्याचेही भान हवे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोंपर्यंतच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. परंतु आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग त्यांनाही लागू आहेत. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मुभा असते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. सांबऱ्याचा विमानतळ शहराच्या पूर्वेला आणि उचगाव पश्चिमेला असल्याने दोहोंत सुमारे वीस किलोमीटरचे अंतर पडते. तथापि बेळगाव हे लष्करी ठाणेही आहे. म्हणून सरकारी नकाशा पाहून, नोंदणीविषयीचे चालू नियम वाचून आणि गावच्या पंचायतीच्या कानावर घालूनच उड्डाण करावे.

घरातली बॅटरी

माळावरचा धोका डोळ्यांना दिसतो. घरातला दिसत नाही. लिथियम-पॉलिमर बॅटरी दुखावली गेली, चुकीच्या यंत्राने भरली गेली किंवा फुगली, तर ती पेटते आणि तिची आग पटकन विझत नाही. ती तिच्यासाठीच बनवलेल्या यंत्रावर, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत किंवा तत्सम न पेटणाऱ्या जागी, जागे असताना व नजरेसमोर भरावी. रात्री भरायला लावून झोपू नये. पलंग, गादी, लाकडी कपाट, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून ती दूर ठेवावी. न वापरता ठेवायची असेल तेव्हा प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवू नये. उन्हात उभ्या मोटारीत तर ती कधीच सोडू नये. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरणे हा काटकसरीचा सर्वांत वाईट प्रकार होय. तिला कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. विजेच्या टाकाऊ वस्तू घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

मग द्यावे की न द्यावे?

आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. मूल केवळ वेगाला भुलले असेल तर जेट देऊ नये. चार मिनिटांत भूल उतरेल आणि खर्च मागे राहील. परंतु जे मूल थर्माकोलचे ग्लायडर दहा वेळा पडल्यावर अकराव्या वेळी नाकाला मातीचा गोळा लावून पाहते, वजनकाट्यावर बॅटरी ठेवून वहीत आकडा लिहिते, ‘आज वारा आहे, आज नको’ असे स्वतः होऊन म्हणते, त्या मुलाला अवश्य द्यावे. खोके मात्र एकट्याच्या हाती देऊ नये. घरातील एका मोठ्या माणसाने पहिले वर्षभर सोबत जावे. त्याला उडवता आले नाही तरी चालेल. माणसांवर लक्ष ठेवणे, घंटा वाजली की ‘उतरव’ म्हणणे आणि शेतकऱ्याच्या दारी जाऊन परवानगी मागणे, एवढे त्याने करावे.

आपल्या भागातील मुले शिकून पुण्या-मुंबईला, बंगळूरला, परदेशी जातात, ती जाणारच. जाताना मोजण्याची, तपासण्याची आणि दुसऱ्याच्या शेताची काळजी घेण्याची सवय त्यांच्यासोबत गेली, तर या खर्चाचे चीज झाले असे समजावे. येत्या हिवाळ्यात ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांनी प्रथम एक वही आणि एक वजनकाटा आणावा. विमानाचे पुढे पाहता येईल.